विजयपदकांच्या लेखांतील कर्ता आणि आख्यात

युरोपातील राजांनी, सेनापतींनी आणि नगरसभांनी सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत आपल्या विजयांच्या स्मरणार्थ जी पदके पाडविली, त्यांच्याकडे दोन प्रकारचे अभ्यासक वळतात. कलेतिहासकार चित्र पाहतो. नाणकशास्त्रज्ञ धातू, वजन आणि ठसा पाहतो. चित्राभोवती वर्तुळाकार फिरणारा दोन-चार शब्दांचा लॅटिन लेख मात्र दोघांनाही बहुधा शोभेचा वाटतो. त्याचे भाषांतर द्यावयाचे आणि पुढे जावयाचे, अशी रीत पडून गेली आहे. भाषांतर करताना मूळ लेखात नसलेला कर्ता आपण वाक्यात घालतो आणि मग तेच वाक्य इतिहासाचा समकालीन पुरावा म्हणून उद्धृत करतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या रीतीला आमचा आक्षेप आहे. पदकावरील लेख हे विधान आहे की केवळ नामनिर्देश, ते कोणाच्या तोंडी आहे, आणि त्याची सत्यासत्यता तपासता येईल अशी त्याची रचना आहे की नाही, हे प्रश्न व्याकरणाचे आहेत. त्यांचा निर्णय झाल्यावाचून पदकाला साक्षीदार म्हणून उभे करणे घाईचे होईल.

पदक म्हणजे नाणे नव्हे. त्याला चलनमूल्य नसते. इटालियन चित्रकार पिसानेल्लो याने 1438 च्या सुमारास बायझंटाइन सम्राट आठवा योहान याचे जे ओतीव पदक केले, तेथून या कलेचा आरंभ धरण्याचा प्रघात आहे. पुढे ओतण्याऐवजी यंत्राने ठसा उमटविण्याची सोय झाली, एकाच ठशातून पुष्कळ प्रती निघू लागल्या आणि पदक हे राजदूतांना देण्याचे, संग्रहात ठेवण्याचे व परदेशी धाडण्याचे साधन बनले. त्याची मांडणी ठरलेली असे. दर्शनी बाजूस राजाचे मस्तक आणि त्याचे नाव; मागील बाजूस प्रसंगाचे रूपकात्मक चित्र, त्याभोवती लेख, आणि चित्राखालच्या आडव्या रेघेच्या तळाशी तारीख किंवा घटनेचा उल्लेख. या तळच्या जागेला येथे तळपट्टी म्हटले आहे.

ही मांडणी रोमन नाण्यांवरून उचललेली आहे, आणि लेखाचे व्याकरणही तेथूनच आले. ऑक्टेव्हियनने इसवी सनापूर्वी 28 मध्ये मगरीचे चित्र असलेले नाणे पाडले, त्यावर ‘आएगिप्तो काप्ता’ असे शब्द आहेत. व्हेस्पेशियनच्या नाण्यांवर, जेरुसलेमच्या पाडावानंतर, ताडाखाली बसून शोक करणारी स्त्री आणि ‘युदाएआ काप्ता’ हा लेख आहे. दोन्ही लेखांत धातू एकच, प्रत्यय एकच. परंतु रचना एक नाही. पहिल्यातील ‘आएगिप्तो’ हे रूप निःसंशय पंचमीचे आहे. ही लॅटिनमधील निरपेक्ष पंचमी होय. संस्कृत जाणणाऱ्यास सति सप्तमीचे स्मरण व्हावे अशीच ती आहे. ‘इजिप्त जिंकले गेले असता’, असे म्हणून लेख थांबतो. असता काय झाले, ते सांगत नाही. ‘युदाएआ काप्ता’ या लेखात तर याहून मौज आहे. अंत्य ‘आ’ ऱ्हस्व वाचला तर प्रथमा, दीर्घ वाचला तर पंचमी. आणि रोमन लिपी ऱ्हस्वदीर्घाचा भेद दाखवीत नाही. ‘जिंकलेली यहुदभूमी’ असे चित्रातील स्त्रीचे नाव म्हणून वाचावे, की ‘यहुदभूमी जिंकली गेली असता’ असे वाचावे, याचा निर्णय लेख स्वतः करीत नाही. चित्रामुळे आपण प्रथमा पत्करतो, इतकेच. दोहोंपैकी कोणताही अर्थ घेतला तरी जिंकणाऱ्याचे नाव या शब्दांत नाही आणि आख्यातही नाही. आहे ते केवळ क्तप्रत्ययान्तासारखे एक कृदन्त.

रोमन टांकसाळीतील ही सोय चौदाव्या लुईच्या पॅरिसमध्ये एका संस्थेच्या हाती आली. कॉलबेरने 1663 मध्ये चार विद्वानांची एक छोटी मंडळी नेमली. राजाच्या वास्तूंवरील व पदकांवरील लेख रचणे हे तिचे काम. पुढे रासीन आणि ब्वालो यांच्यासारखे कवी तिच्यात आले; 1701 मध्ये तिला ‘लेख व पदके यांची राजकीय अकादमी’ असे रूप मिळाले आणि 1716 पासून तिचे नाव ‘लेख व ललितवाङ्मय यांची अकादमी’ असे झाले. प्राचीन शिलालेखांच्या आणि पौर्वात्य भाषांच्या अभ्यासात ज्या संस्थेचे ऋण आपण सर्वजण मानतो, तिचा जन्म राजाच्या विजयांना लॅटिन शब्द पुरविण्यासाठी झाला, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. या मंडळीच्या श्रमाचे फळ म्हणजे 1702 मध्ये राजकीय मुद्रणालयाने छापलेला, लुईच्या कारकिर्दीतील प्रमुख घटनांच्या पदकांचा भव्य ग्रंथ. त्यात 286 पदके आहेत. 1723 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती 318 झाली. ‘रोमां द्यु र्वा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टंकाचा पहिला उपयोग याच ग्रंथात झाला, म्हणून मुद्रणाच्या इतिहासातही त्याला स्थान आहे.

या ग्रंथातील पदके एका मापाची, एका घडणीची आहेत, आणि हेच त्यांच्याविषयी सावध राहण्याचे पहिले कारण होय. ही समान मालिका शतकाच्या अखेरीस तयार झाली. तिच्यातील घटना मात्र राजाच्या जन्मापासूनच्या, म्हणजे 1638 पासूनच्या आहेत. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या लढाईचे पदक लढाईच्या वर्षाचा अंक अंगावर घेऊन येते. तो अंक घटनेचा आहे, लेखाचा नव्हे.

दुसरे कारण व्याकरणाचे. 1692 मध्ये नामूरचा किल्ला पडला. वेढ्याची आखणी व्होबाँची, वेढ्याला बाहेरून संरक्षण लक्झेंबर्गच्या सैन्याचे. राजा स्वतः छावणीत होता आणि राजाचा इतिहासकार म्हणून रासीनही हजर होता. पदकाचा लेख असा : ‘नामुर्कुम काप्तुम’. नामूर घेतले. तळपट्टीत म्हटले आहे की हे जर्मन, स्पॅनिश, इंग्रज आणि डच अशा लक्ष सैन्याच्या डोळ्यांदेखत घडले. साक्षीदार मोजून सांगितले आहेत, त्यांचे देश सांगितले आहेत. घेणारा मात्र सांगितलेला नाही. पदक उलटावे तो दर्शनी बाजूस राजाचे मस्तक आणि ‘लुदोविकुस माग्नुस’ ही प्रथमा. आमच्या मते ही पदके एका वाक्याच्या दोन अर्धांप्रमाणे वाचली जावीत अशीच योजना आहे. एका बाजूस प्रथमान्त नाम, क्रियापदावाचून. दुसऱ्या बाजूस कर्मणि कृदन्त, कर्त्यावाचून. दोन्ही बाजू एका वेळी दिसत नाहीत. पदक हातात फिरविणारा मनुष्य ती जोडतो, आणि जोड त्याची स्वतःची असल्यामुळे तिच्याविषयी तो शंका घेत नाही. राजाने नामूर घेतले हे वाक्य पदकावर कोठेच नाही. ते वाचकाने केलेले आहे. तीन वर्षांनी, 1695 मध्ये, तिसऱ्या विल्यमने नामूर परत घेतले, तरी ‘काप्तुम’ हे रूप खोटे ठरले नाही. ते एकदा घेतले गेले होते, ही गोष्ट खरीच राहिली.

येथे मराठी वाचकाला एक अडचण आहे, आणि ती त्याच्या भाषेतूनच उद्भवते. मराठीतील ‘-ला’ प्रत्ययाचा भूतकाळ हा मुळात संस्कृतच्या ‘-त’ प्रत्ययान्त कर्मणि कृदन्ताचा वंशज आहे. ‘गड घेतला’ या वाक्यात ‘घेतला’ हे गडाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते, आणि घेणारा सांगितला नाही तरी वाक्य पुरे वाटते. त्यामुळे ‘काप्तुम’चे भाषांतर ‘घेतले’ असे केले की ते अगदी चपखल बसते. इतके चपखल, की लॅटिनमध्ये आख्यात गाळलेले आहे हे आपल्याला जाणवतच नाही. आपल्याकडे जे कृदन्त होते तेच कालांतराने आख्यात झाले; लॅटिनमध्ये ते झाले नव्हते. लॅटिन वाचकाच्या कानाला ‘काप्तुम’पुढे ‘एस्त’ची जागा रिकामी राहिलेली ऐकू येत असली पाहिजे. इंग्रजी भाषांतरकार ही जागा मुकाट्याने भरतो. आपल्याला ती भरावीही लागत नाही, म्हणून आपली चूक अधिक सुखाची असते.

ऱ्हाइन नदी ओलांडल्याचे पदक या दृष्टीने नामूरहूनही बोलके आहे. 12 जून 1672 रोजी टोलहाउस येथे फ्रेंच घोडदळ नदीत उतरले. उन्हाळा कोरडा होता, पात्रात उतार सापडला होता आणि प्रत्यक्ष पोहावे लागले ते मधल्या थोड्या अंतरातच. त्या गडबडीत काँदे जखमी झाला, तरुण ड्यूक लाँग्व्हील मारला गेला. राजा अलीकडच्या काठावर होता. पदकावर शब्द दोनच : ‘त्रानातुस ऱ्हेनुस’, ‘पोहून ओलांडलेला ऱ्हाइन’. धातूची निवड पाहावी. नुसते ‘ओलांडला’ म्हणता आले असते; पोहण्याचा धातू मुद्दाम घेतला आहे, कारण त्यात शौर्य आहे. आणि ज्याच्या स्तुतीसाठी तो घेतला तो पोहलेला नसल्यामुळे कर्ता गाळणे भागच होते. पोहणाऱ्यांची नावे आली असती तर दर्शनी बाजूवरील मस्तक अनाथ झाले असते.

लेख कोणत्या भाषेत असावेत यावर पॅरिसमध्ये याच काळात मोठा वाद झाला. शार्पांतिए हा त्या छोट्या मंडळीतीलच एक सभासद. त्याने 1676 मध्ये विजयकमानीवरील लेख फ्रेंचमध्येच असावा, असे प्रतिपादन केले आणि 1683 मध्ये फ्रेंच भाषेच्या श्रेष्ठत्वावर ग्रंथही लिहिला. त्याला संधी मिळाली ती व्हर्सायच्या आरसेमहालातील चित्रांखाली फ्रेंच लेख लिहिण्याची. ते इतके फुगलेले निघाले की काढून टाकावे लागले आणि रासीन व ब्वालो यांनी साधे लेख लिहिले. ब्वालोचे म्हणणे असे, की ‘ऱ्हाइनचे ओलांडणे’ एवढे म्हटले की पुरे. त्यामागे ‘आश्चर्यकारक’ असे विशेषण जोडले तर घटना लहान होते. वाङ्मयसमीक्षकांनी या मताची वाखाणणी केली आहे, व रुचीच्या दृष्टीने ती योग्यच आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्यात आणखी काही दिसावे. शार्पांतिएचे विशेषण गेले, पण त्याच्या जागी आले ते भाववाचक नाम. ज्याला कर्ता लागत नाही असे. 1702 च्या ग्रंथातही प्रत्येक पदकासोबतचे फ्रेंच मथळे याच वळणाचे, ‘नामूरची घेतली जाणूक’ या धाटणीचे आहेत. साधेपणा हा येथे नम्रपणा नाही. विशेषणाविषयी वाद घालता येतो. नामाविषयी घालता येत नाही.

या व्याकरणाची धार सर्वांत आधी ओळखली ती शेजाऱ्यांनी. 1668 मध्ये एक्स-ला-शापेलचा तह झाला; लुईला स्पॅनिश नेदरलँड्समधील आपली घोडदौड थांबवावी लागली. डच प्रजासत्ताकाने पदक पाडले. त्यावरील लेख निरपेक्ष पंचम्यांची माळच आहे : ‘आस्सेर्तीस लेगिबुस’, कायदे सुरक्षित केले असता; ‘एमेन्दातीस साक्रीस’, धर्म शुद्ध केला असता; राजांना साहाय्य देऊन, त्यांचे रक्षण करून, त्यांच्यात समेट घडविला असता; ‘विन्दिकाता मारिउम लिबेर्ताते’, समुद्राचे स्वातंत्र्य मिळविले असता; शस्त्रांच्या बळावर उत्तम शांतता संपादन केली असता; युरोपला स्वास्थ्य दिले असता. यांतील एकाही कृदन्ताला कर्ता जोडलेला नाही. लेखाच्या अखेरीस येते ते एवढेच, की हे पदक पाडविले. रचनेच्या दृष्टीने डचांनी केवळ पदक पाडल्याचे विधान केले आहे. बाकी सारे परिस्थितीचे वर्णन. व्होल्तेरने पुढे लिहिले की यात त्यांनी न केलेले असे काहीच नव्हते, तरी लुईला शांत करण्यासाठी त्यांनी या पदकाचे ठसे मोडून टाकले. राग कशाचा आला? ‘राजांच्यात समेट घडविला असता’ या पंचमीत बसलेला राजा कोण, हे सर्वांना ठाऊक होते. ज्या रचनेने पॅरिसच्या अकादमीला आपला कर्ता न बोलता मिरविता आला, त्याच रचनेने ॲम्स्टरडॅमला राजांचे कर्मपद करता आले.

त्याच सुमारास इंग्लंडशीही असाच प्रसंग झाला. 1667 मध्ये डच आरमाराने मेडवे नदीत शिरून इंग्रजी जहाजे जाळली आणि ब्रेडाचा तह झाला. ॲडॉल्फी नावाच्या कारागिराने केलेल्या पदकावर ‘प्रोकुल हिंक माला बेस्तिया रेग्नीस’ असा लेख आहे : दुष्ट पशू, राज्यांपासून दूर हो. पशू कोण? पदकाच्या बाजूने सांगता येते की पायाखाली तुडविलेली कलहाची मूर्ती. लंडनमध्ये तो दुसरा चार्ल्स आहे असे वाचले गेले. संबोधनाला निर्देश असतो, पण नाव नसते. ही त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. 1672 मध्ये चार्ल्सने डचांविरुद्ध जो युद्धाचा जाहीरनामा काढला, त्यात अपमानकारक चित्रे आणि खोटी ऐतिहासिक पदके हे कारण नमूद केले आहे. युद्धाची खरी कारणे व्यापाराची आणि लुईशी केलेल्या गुप्त कराराची होती, हे उघड आहे. तरीही जाहीरनाम्यात पदके यावीत, यावरून लेख शोभेचा असतो हे मत किती पोकळ आहे ते दिसून येते. याच काळात असेही बोलले गेले की डच दूत व्हान बेउनिंगन याने सूर्याला थांबविणाऱ्या यहोशवाच्या रूपात स्वतःचे पदक काढले. लुईचे चिन्ह सूर्य असल्याने अर्थ स्पष्ट होता. असे पदक कधी नव्हतेच, असे व्होल्तेर सांगतो.

आतापर्यंतचे लेख आख्यातहीन किंवा आख्यात लपविणारे होते. डचांनीच याआधी ऐंशी वर्षे, 1588 मध्ये, स्पॅनिश आरमाराच्या नाशावर जी पदके पाडली, त्यांत मात्र आख्यात भरघोस आहे; म्हणून थोडे मागे जाणे इष्ट. त्यांतील एक झीलंडचे. त्यावर आरमाराविषयी तीन क्रियापदे आहेत : ‘वेनित्, ईवित्, फुइत्’. आले, गेले, होते. सीझरच्या प्रसिद्ध तीन क्रियापदांचे हे विडंबन. पण सीझरची क्रियापदे प्रथमपुरुषी, जेत्याच्या तोंडची. येथे ती तृतीयपुरुषी झाली आहेत आणि कर्ता आहे पराभूत आरमार. जेता वाक्यातून निघून गेला आहे. त्याला जिंकण्याची क्रियाच करावी लागलेली नाही. ‘फुइत्’ या भूतकाळात ‘आता नाही’ हा अर्थ लॅटिन भाषेला परिचित आहे, आणि मराठी ‘होते’ त्याला बऱ्यापैकी पुरे पडते.

दुसरे अधिक प्रसिद्ध. दर्शनी बाजूस लाटांच्या माऱ्यात खडकावर उभे असलेले चर्च, आणि प्रथमपुरुषी लेख ‘आल्लिदोर नोन लाएदोर’, आघात होतो, इजा होत नाही. सोबत नासाऊच्या मॉरिसचे कुलचिन्ह. मागील बाजूस वादळात सापडलेली जहाजे आणि ‘फ्लावित्’, मग हिब्रू लिपीत देवाचे चार अक्षरी नाव, मग ‘एत् दिस्सिपाती सुन्त’. देवाने फुंकर घातली आणि ते विखुरले गेले. ‘फ्लावित्’ हे क्रियापद बायबलच्या निर्गम या पुस्तकात, समुद्र ओलांडल्यानंतरच्या मोशेच्या गीतात येते. त्यामुळे स्पेनचा राजा आपोआप फारोच्या जागी जातो. एवढे सर्वजण सांगतात. आमचे लक्ष ‘दिस्सिपाती’ या रूपाकडे आहे. ते पुल्लिंगी अनेकवचन आहे. चित्रात जहाजे आहेत, पण ‘नावेस’ हा शब्द स्त्रीलिंगी. आरमाराचा ‘क्लास्सिस’ हाही स्त्रीलिंगी, आणि एकवचनी. विखुरले गेले ते लेखाच्या व्याकरणाप्रमाणे पुरुष आहेत. चित्र लाकूड आणि शिडे दाखविते. प्रत्यय माणसे मोजतो. या पदकाच्या धर्मबुद्धीची जी स्तुती होते, ती करताना हा ‘ई’कार वाचला जावा, असे आम्हांस वाटते.

तो वाचला गेला नाही, याचा नामांकित दाखला ॲडिसनचा आहे. प्राचीन पदकांवर संवाद लिहिणारा हा रसिक, 1712 मध्ये ‘स्पेक्टेटर’मध्ये या पदकाविषयी लिहितो तेव्हा ते राणी एलिझाबेथने पाडविले असे समजतो, आणि लेख देतो तो ‘आफ्लावित् देउस एत् दिस्सिपान्तुर’. देवाचे हिब्रू नाव जाऊन सामान्यनाम आले, भूतकाळाचा वर्तमानकाळ झाला, आणि ‘दिस्सिपान्तुर’ला लिंग नसल्यामुळे ती माणसेही नाहीशी झाली. वर कर्तृत्व इंग्लंडकडे आले. जेत्याने श्रेय स्वतः न घेता देवाला दिले म्हणून ॲडिसन राणीची वाखाणणी करतो. आणि ज्यांनी ते पदक खरोखर पाडले, त्यांचे श्रेय मात्र त्याच वाक्यात नाहीसे होते. लेख अक्षरशः न उतरविता आठवणीने देणे हा अपराध लहान वाटतो. त्याचे परिणाम असे असतात.

लॅटिन सोडून पदक देशी भाषेत आले म्हणजे काय होते, ते इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात दिसले. ॲडमिरल व्हर्नन याने नोव्हेंबर 1739 मध्ये पोर्तो बेलो हे स्पॅनिश बंदर घेतले. त्यावर पितळी मिश्रधातूची स्वस्त पदके निघाली. दरबाराने नव्हे, कारखानदारांनी काढलेली, कारागीर आणि दुकानदार विकत घेतील अशी. त्यांवर साध्या इंग्रजीत लिहिले आहे : त्याने केवळ सहा जहाजांनिशी पोर्तो बेलो घेतले. कर्ता, कर्म, साधन, आख्यात, तारीख. काहीही गाळलेले नाही. ते खरेही होते. पुढे 1741 मध्ये कार्ताहेनाला वेढा पडला, आरंभीच्या यशाची बातमी लंडनला पोहोचली, आणि कारखानदारांनी वाट न पाहता पदके काढली : खऱ्या ब्रिटिश वीरांनी एप्रिल 1741 मध्ये कार्ताहेना घेतले. काहींवर स्पॅनिश सेनानी ब्लास दे लेसो व्हर्ननपुढे गुडघे टेकून बसलेला आहे. कार्ताहेना पडले नाही. इंग्रज सैन्य रोगराईने खचून परत फिरले. आणि लेसोचा एक पाय तरुणपणीच्या लढाईत गेलेला होता. पदकावर त्याचे दोन्ही गुडघे जमिनीला टेकले आहेत.

इतिहासकार या पदकांची थट्टा करतात. आम्हांस ती प्रामाणिक वाटतात, म्हणजे खोटी असूनही. ‘घेतले’ हे पूर्ण आख्यात कर्त्यासह लिहिले असल्यामुळेच ते खोटे ठरविता आले. लुईच्या अकादमीने कार्ताहेनाचे पदक काढले असते तर धुरात वेढलेला तट, पळणारी स्पेनची देवता आणि एखादे अर्धे कृदन्त, एवढेच आपल्या हाती लागले असते, आणि तटावर तोफा डागल्या होत्या हे तर खरेच होते. आख्यात असलेला लेख पुरावा म्हणून तपासता येतो. आख्यात नसलेला लेख तपासता येत नाही. तो फक्त मानता येतो किंवा सोडता येतो. लेखांची सूची करणाऱ्याने म्हणून भाषांतराबरोबर विभक्ती, लिंग आणि आख्याताचा भाव किंवा अभाव नोंदवावा. आणि कर्ता कंसात घातला असेल तर तो कंस स्वतःचा आहे, हे सांगावे.

याच दृष्टीने पाहण्याजोगे एक पदक आपल्या प्रदेशाशी निगडित आहे. पहिल्या इंग्रज-मराठे युद्धात बंगालहून पश्चिमेकडे आलेल्या पलटणींसाठी ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्ता सरकारने 1784 मध्ये ‘दख्खन पदक’ काढले. त्यावर बसलेली ब्रिटानिया आहे आणि समोर निशाण फडकत असलेला किल्ला. लेख ना लॅटिन, ना इंग्रजी. तो फारसी आहे. त्याचा आशय असा, की नाणे जसे जगात चालते तसे या वीरांचे शौर्य चालत राहील, ज्यांनी विजयी इंग्रजांचे नाव बंगालपासून दख्खनपर्यंत नेले. कर्ता आहे, आख्यातही आहे. परंतु आख्यात ‘घेतले’ हे नाही. ‘नेले’ हे आहे. मराठ्यांचे नाव लेखात नाही, आणि चित्रातील किल्ला कोणता, तेही नाही. 1782 च्या सालबाईच्या तहाने कंपनीला साष्टी राहिली व वसई परत द्यावी लागली. हा तह ज्याला ठाऊक आहे, त्याला या क्रियापदाची निवड अकस्मात झाली असे वाटणार नाही.